शिवराईवरची साय

रविवार, ९ नोव्हेंबर १९८६. आज तुझी लुगडी काढली. सात होती. दोन बरी होती ती खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या आईला दिली. उरलेल्या पाचांची गोधडी करायची म्हणून ती पलंगावर पसरली. गोधडीला जाड सुई लागते. माझ्याकडे नव्हती, म्हणून तुझा शिवणाचा डबा उघडला. तोच, बिस्किटांचा गोल पत्र्याचा, झाकण घट्ट बसणारा. आत सुया, तुटकी बटणं, काळ्या दोऱ्याचं रीळ, आणि तळाशी एक काडेपेटी.

आत्या, त्या काडेपेटीकडे बघत मी किती वेळ बसले ते सांगत नाही. मी बसणारी बाई नाही हे तुला ठाऊक आहे. पण मला वाटलं होतं, सगळ्या काडेपेट्या संपल्या. मीच तर संपवल्या होत्या.

हे कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना अर्धंच माहीत आहे. तुला आता कळून काही उपयोग नाही, म्हणूनच तुला सांगायचं धाडस होतंय. तू समोर असतीस तर मी काहीतरी ठणकावून बोलले असते आणि स्वयंपाकघरात निघून गेले असते.

तू जुन्नरहून शाळेतून निवृत्त होऊन आमच्याकडे आलीस ते चौऱ्याहत्तर साल. वाशीत तेव्हा घरं कमी आणि चिखल फार. तुझी ट्रंक जिन्यावरून चढवताना हमाल म्हणाला, "आजी, आत दगड भरलेत काय?" तू म्हणालीस, "दगडच म्हण बाबा, पण हळू ठेव." मला वाटलं, तांब्यापितळेची भांडी असतील. उघडली तर नुसत्या काडेपेट्या. दोनशेच्या वर. प्रत्येकीत एक नाणं आणि नाण्याखाली घडी घातलेली चिठ्ठी. शिवराया, ढब्बू पैसे, चांदीचे काही रुपये. तीस वर्षं दर रविवारी तू तांबटाच्या दुकानात जायचीस आणि भट्टीत जायच्या मोडीच्या ढिगातून ती वेचून काढायचीस. नाणं कुठल्या गावातून आलं, कुणाच्या घरातलं, त्यांनी ते का विकलं, हे सगळं तांबटाला विचारून चिठ्ठीवर लिहायचीस. लिहायचीस मोडी लिपीत. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मला ते मुंगी शाईत बुडून कागदावरून चालत गेल्यासारखं दिसायचं.

त्याच वर्षीची दिवाळी. मी देव घासायला घेतले होते. चिंच, मीठ, वरून थोडी रांगोळी, म्हणजे तांबं कसं निघतं ते मला कुणी शिकवायला नको. टेबलावर तुझं एक काळं नाणं पडलेलं दिसलं. कडेला बारीक खाच असलेलं. तेही टाकलं ढिगात. मदतच करत होते मी.

संध्याकाळी तू शोधत आलीस. "सुमे, इथे शिवराई होती."

"ती होय? देवांबरोबर घासली. बघ कशी निघालीय, लालबुंद."

तू ती तळहातावर घेतलीस. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. अक्षरं आता कुठे वाचता येत होती, असं मला वाटत होतं. तू म्हणालीस, "किती पिढ्यांची साय होती गं हिच्यावर."

"साय? मळ म्हण की सरळ."

"मळ वरून बसतो. साय आतून धरते, दुधावर धरते तशी. नाणं न हलवता राहू दिलं की धरते. ती काढली की खालचं उघडं पडतं."

"उघडं पडलं तर बिघडलं काय? तांबं तांब्यासारखं दिसायला नको?"

तू ती घेऊन आत गेलीस. दोन दिवस बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी नेहमीसारखा चहा मागितलास आणि मी मनात म्हटलं, चला, वाद मी जिंकला. बारा वर्षं मी हेच धरून चालले होते.

दुसरा वाद मोडीचा. तो तर कधी संपलाच नाही. तू म्हणायचीस, शिक, महिनाभरात येईल. मी म्हणायचे, जी लिपी पोस्टात चालत नाही, रेशनकार्डावर चालत नाही, ती शिकून काय करू? तू हसायचीस. "अगं, ही घाईच्या माणसांचीच लिपी. हात न उचलता लिहायची. तुझ्यासाठीच काढलीय म्हण." मी हात पुसत म्हणायचे, "मला हात उचलायलाच वेळ नाही, न उचलायला कुठून येणार?" सगळे हसायचे. वाक्य चांगलं जमलं की मी ते दोनदा बोलायचे. हेही दोनदा बोलले असेन. दोनदा कसलं, दहादा.

तुझ्या मोडीला गिऱ्हाईक मिळालं ते शेजारच्या बोनकोड्यात. गावाच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, आणि लोक घरातले जुने कागद पिशव्यांतून बाहेर काढू लागले. सगळे मोडीत. वाचणारे एकच होते, जुने तलाठी नाना, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मग तू बसने जायचीस. तू कागद वाचायचीस, नाना अडलेला शब्द सोडवायचे, आणि ओटीवर बसलेल्या लोकांना आपल्या आज्याची जमीन कुठून कुठपर्यंत होती ते कळायचं. येताना तुझ्या पिशवीत वालाच्या शेंगा असायच्या, कधी तांदूळ. मी म्हणायचे, "रविवारी सुद्धा घरात पाय ठरत नाही तुझा." शेंगा मात्र सोलून घ्यायचे.

मग हा श्रावण. तू अंथरुणाला लागलीस. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं तेव्हा तुला आतूनच समजलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू म्हणालीस, "नाणी तुझी. काय करायचं ते तू ठरव. फक्त..."

आणि मी म्हणाले, "हो, हो, कळलं. तू नको काळजी करू." गॅसवर दूध होतं. मी उठले. दूध वाचलं. परत आले तर तू भिंतीकडे तोंड करून झोपली होतीस. मग मी विचारलं नाही. मला कळलंच होतं ना.

लोकांची वाक्यं पुरी करायची माझी सवय आहे. ऑफिसातही हसतात. ह्या वेळी मात्र मी पुरं केलं नाही. नुसतं तोडलं.

गौरी गेल्या त्याच आठवड्यात तू गेलीस. दहावं, तेरावं, सगळं नीट केलं. त्यात मी कमी पडत नाही. ऑक्टोबरात मी घर आवरायला घेतलं. तुझं वर्ष होतं म्हणून दिवाळी नव्हती, फराळ नव्हता, पण घर आवरायला काय हरकत? स्वयंपाकघराच्या भिंतीवरची तुझी काडेपेट्यांची फळी मला हवी होती. कितीतरी दिवस मला तिथे स्टीलची मांडणी लावायची होती. पैशांची अडचण असती तर आज लाज थोडी कमी वाटली असती. अडचण नव्हती. जागा हवी होती. नाणी माझीच होती, विकायचं मी ठरवलं, आणि एकदा ठरवलं की मी थांबत नाही.

विकायची वस्तू स्वच्छ करून न्यावी हे मला आईने शिकवलं. जुनी कढई विकतानासुद्धा ती घासून न्यायची. मी शनिवारी सकाळी पाव किलो चिंच भिजवली. काडेपेट्या एकामागून एक उघडल्या आणि नाणी परातीत ओतली. चिठ्ठ्या आणि पेट्या एका बाजूला ढीग. मागच्या गॅलरीत बंब होता. त्या दिवशी आमच्या अंघोळीचं पाणी त्यांच्यावर तापलं. चांगलं कडकडीत तापलं. मी ह्यांना म्हणालेसुद्धा, "बघा, आत्याने जाता जाता सरपण वाचवलं."

हे वाक्य मी बोलले. लिहिताना हात थांबला, पण बोलले ते बोलले.

नाणी लख्ख झाली. दुपारभर घासत होते, बोटांची सालं गेली. साखरेच्या रिकाम्या डब्यात भरून मंगळवारी मी फोर्टात तुझ्या नेहमीच्या व्यापाऱ्याकडे गेले. विसनजीभाई. तू दर दोन-तीन महिन्यांनी त्यांच्याकडे जायचीस, विकायला नव्हे, नुसतं बघायला. तू गेल्याचं सांगितलं तर ते गादीवरून उठून उभे राहिले. आत चहा सांगितला. काचेवर मखमलीचा तुकडा अंथरला आणि म्हणाले, "दाखवा बेन."

मी डबा उपडा केला.

"अरे, अरे, हलू!" त्यांनी दोन्ही हात पुढे केले, मूल पडताना धरावं तसे. मग एक नाणं उचललं. मग दुसरं. चष्मा काढला. "हे कोनी घासला?"

"मी. फार काळी पडली होती."

"सगला?"

"सगळी." तेव्हाही माझ्या आवाजात जरा अभिमान होता, आत्या. तेव्हापर्यंत होता.

त्यांनी रिकाम्या डब्यात डोकावून पाहिलं. मग विचारलं, "आनि बाईंच्या पेट्या? चिठ्ठ्या?"

"त्या कशाला? जुने कागद होते. जाळले."

विसनजीभाई मोठ्याने बोलणारे गृहस्थ नाहीत. ते हळूच म्हणाले, "बेन, शिवराई तर तांबट पन देतो. चिठ्ठी कोन देनार?"

मग त्यांनी समजावून सांगितलं, जसं मुलाला सांगावं. घासलेल्या नाण्याला त्यांच्या धंद्यात कुणी हात लावत नाही. अशी शिवराई गावोगाव मिळते. ही अमक्या घरातली, ह्या बाईने ह्या कारणाने मोडीत घातली, हे कुठेच मिळत नाही. तुझी सगळी नाणी चिठ्ठ्यांसकट घ्यायची त्यांची तयारी होती. तू एकदा हसून म्हणाली होतीस, माझ्या भाचीला विचारा.

"आता मी फक्त वजनावर घेऊ शकतो. मोडीच्या भावात," ते म्हणाले. "माझा ऐका, घरी न्या. बाईंची आठवन म्हनून ठेवा. दहा-वीस वर्षांनी जरा रंग येईल."

इथे मला वाट होती, आत्या. चूक झाली होती ती नकळत झाली होती. ह्यापुढचं नकळत नव्हतं. नाणी डब्यात भरून घरी आणता आली असती. पण घरी येऊन काय सांगायचं? की मी चुकले? मांडणीचं माप देऊन झालं होतं. मी म्हणाले, "घरी जागा नाही. घ्या तुम्ही." त्यांनी तराजू काढला. तू मोडीतून वेचून काढलेलं सगळं मी मोडीत घालून आले. त्यांनी चहा दिला होता. तो मी पुरा प्याले, कारण टाकणं मला पटत नाही.

बसमध्ये खाडीचा पूल ओलांडताना मला तुझं ते "फक्त" आठवलं. फक्त घासू नकोस. एवढंच म्हणायचं असेल. दोन शब्दांसाठी मी थांबले नव्हते.

घरी ह्यांना सांगितलं, नाणी विकली, भाव आला नाही. ह्यांनी पेपरमधून डोकं वर न काढता म्हटलं, "कुणाला विचारायचं तरी होतंस." मी म्हणाले, "विचारायला होतं कोण?" आणि हे वाक्य नेहमीसारखं जमलं नाही.

मांडणी आली. भिंतीवर चकाकते आहे. रोज सकाळी दिवा लावला की तिच्यात माझंच तोंड दिसतं.

तर आज ही काडेपेटी. उघडली. आत शिवराई. काळसर, मऊ दिसणारी, जुन्या लाकडासारखी. मी खिडकीशी नेऊन पाहिली आणि कडेवरून बोट फिरवलं. खाच. बारीक, नखात अडकेल एवढी.

तीच ती, आत्या. मी पहिल्या दिवाळीत घासलेली.

खाली चिठ्ठी. इतर चिठ्ठ्यांसारखी लहान नव्हे, लांबलचक पट्टी, पाच-सहा घड्या घातलेली. वर चार-पाच ओळी मोडी आणि खाली रांग. तुझे आकडे मला वाचता येतात, आकडे तेच आहेत. ७५, ७६, ७७, असे पंच्याऐंशीपर्यंत. प्रत्येकापुढे एखाद-दोन शब्द. शाई वेगवेगळी. कधी निळी, कधी काळी, एकदा पेन्सिल.

म्हणजे तू दरवर्षी ती काढून बघत होतीस. ह्याच घरात, माझ्याच नाकाखाली. काय लिहीत होतीस ते माझ्यासमोर आहे आणि मला वाचता येत नाही. माझी सही असलेल्या एवढ्या फायली ऑफिसात पडल्यात आणि ह्या पट्टीपुढे मी अंगठाबहाद्दर.

एकदा वाटलं, बंबाजवळची राख चाळून बघावी. महिना झाला त्या राखेला. त्यानंतर त्याच राखेने भांडी घासून झाली.

गोधडी तशीच टाकली आहे. सुई मिळाली होती.

सोमवार.

ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा कळवली, पहिल्यांदाच कारण न देता, आणि काडेपेटी पर्समध्ये टाकून सकाळच्या बसने बोनकोड्याला गेले. नाना ओटीवर उन्हाला बसले होते. पावलांचा आवाज ऐकून म्हणाले, "कोन गो?"

"वाशीची सुमन. आत्याची भाची."

त्यांचा चेहरा उजळला. "आत्याबायची? अगो, कवा येनार हाय ती? गनपतीपासून वाट बगतोय. दोन घरचे कागद आलेत, ठेवलेत मी तिच्यासाठी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तू गेल्याचं मी ऑफिसात सांगितलं, सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं, जुन्नरला तार केली. बोनकोड्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणारी मीच होते.

मी सांगितलं. नानांनी काठी आडवी ठेवली. मग एवढंच म्हणाले, "दोन मैलांवर हाय बाय वाशी." त्यांची सून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली.

मला उठून जावंसं वाटलं. पण मग पट्टीचं काय? मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळ्यांजवळ नेली, उन्हात धरली, परत दिली. "कागद हाय येवडा कलतोय. बारीक दिसत नाय मना. मोटं काढ. अंगनात काढ."

सुनेने रांगोळीची वाटी आणून दिली. मी सारवलेल्या अंगणात गुडघे टेकून बसले. रांगोळी चिमटीत धरायची मला सवय राहिलेली नाही, मी ती फक्त घासायला वापरते. नाना म्हणाले, "आदी वरची रेग. पुरी ओड, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मोडीत रेग आदी, अक्षरं मागून टांगायची." मी रेघ ओढली. मग पट्टीवरचं वळण बघून हातभर मोठं, वळणाला वळण काढत गेले. नाना काठी टेकत वाकून बघत होते. "हा 'सु'. म्होरं? हा 'म'. 'न'. अगो, तुजंच नाव हाय."

एक ओळ काढायची, ते वाचायचे, पुसायची, पुढची काढायची. अंगणाला ऊन भरलं. वरच्या ओळी अशा निघाल्या: सुमनने घासली. मी दोन दिवस बोलले नाही. चूक माझी, आधी सांगायला हवं होतं. पुन्हा साय धरते का पाहू.

मग मी खालच्या आकड्यांच्या रांगेवर आले. ७५, लाल. ७६, लाल. ७७, कडेला तपकिरी. ७९ पुढे 'खाडीची हवा मानवली'. ८२, 'छत्र' काळं, 'पति' अजून लाल. सून मोठ्याने हसली आणि आत नवरा होता त्या दाराकडे बघून पदर तोंडाला लावला. मलाही हसू आलं. तूही लिहिताना हसली असशील.

शेवटी ८५. ही ओळ जरा लांब होती. मी काढली. नानांनी वाचली, थांबले, परत वाचली.

"साय धरली. सुमनला दाखवली. हं म्हनाली."

मी विचारलं, "पुढे?"

"म्होरं काय नाय. हं म्हनाली, संपला."

मला आठवत नाही, आत्या. मी तिथेच अंगणात बसल्या बसल्या गेल्या वर्षीची सगळी दिवाळी आठवून पाहिली. फराळ आठवतो, पडदे धुतले ते आठवतं, कंदिलाची वायर जळाली ते आठवतं. तू अकरा वर्षं वाट बघून ती शिवराई हातात घेऊन माझ्याकडे आलीस, ते आठवत नाही. माझ्या हातात तेव्हा काहीतरी असणार. पीठ असेल, नाहीतर फडकं. तू उभी राहिली असशील. आणि मी मान वर न करता हं म्हणाले असणार. तू खोटं लिहिणार नाहीस.

पर्समधून पेन्सिल काढली. पट्टीवर ८५ च्या खाली बोटभर जागा होती. तिथे ८६ लिहिलं. तेवढं मला येत होतं. मग नानांना विचारलं, "'घासली नाही' मोडीत कसं काढायचं?"

"जे केलं नाय ते कशाला लिवतेस?"

"माझ्या बाबतीत लिहायला लागतं."

त्यांनी काठीचं टोक मातीत टेकवलं. "मग वड रेग. आनि हात उचलू नको."

मी आधी अंगणात काढलं, चारदा. चौथ्यांदा नाना बरं म्हणाले. मग पट्टीवर लिहिलं, शिवराई तिच्यावर ठेवली, काडेपेटी बंद केली आणि असेच अंगणात काढायला त्यांच्याकडे आलेले ते दोन घरचे कागद मागून घेतले.